मागून खायची तंबाखू

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते केळीची पिल्लं कापायचं. झाडाच्या बुडाशी नवी पिल्लं फुटतात, ती राहिली तर घड बारीक पडतो. ती उपटायची नसतात, झाडाच्या मुळ्या दुखावतात. विळ्यानं जमिनीबरोबर कापायची, पंधरा दिवसांनी फुटली की परत कापायची. एका ओळीत ती, शेजारच्या ओळीत मी.

माझी तंबाखूची डबी तिच्या कमरेला खोचलेली होती. दोन वर्षं तिथंच असायची. तलब आली की मागायची.

"दे गं."

"एवढी ओळ हुई जाऊ द्या, मंग देस."

ओळ झाली की ती द्यायची. कधी नाही म्हटलं नाही. चुना लावून मळून हातावर ठेवायची. मला तिचा संशय होता, चिमूट लहान करते म्हणून. त्या दिवशीही बोललो, "कालच्यापेक्षा कमी शे."

"मन्ही बोटं म्हातारी हुई ग्यात, मी काय करू?" म्हणाली आणि विळा चालवू लागली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, तालुक्याला पोचलोच नाही.

डबी तिच्याकडं कशी गेली ते सांगतो. माझ्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. डॉक्टर म्हणाला, तंबाखू बंद करा, नाहीतर पुढं कापाकापी आहे. डॉक्टरवर माझा विश्वास नव्हता, पण भ्यालो होतो. पद्मालयाच्या गणपतीपुढं शपथ घेतली. नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी टपरीमागं उभा राहून दोन पुड्या खाल्ल्या आणि मग वर्षभर त्या देवळाकडं पाहिलं नाही. असं तीनदा झालं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त खाल्ली.

ती शाळेत गेली नव्हती, मी चौथीपर्यंत. तिनं शपथ मागितली नाही. डबी मागितली. केळीच्या पिल्लांना जे करायची तेच तिनं माझ्या तंबाखूला केलं. दिवसाला पंधरा वेळा खायचो, दोन वर्षांत पाचवर आलो. मला कळलंसुद्धा नाही. कळलं असतं तर मी भांडलो असतो.

ती गेल्यावर बायकांनी तिला आंघोळ घातली आणि डबी माझ्या हातात आणून दिली. मी बसल्या जागी खात राहिलो. कुणी थांब म्हणणारं नव्हतं. दहाव्याच्या दिवसापर्यंत परत बारा-तेरावर गेलो. चट्टा झोंबायला लागला. जेवताना तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि लोक समजायचे की तिच्यासाठी रडतोय. कधी ते खरंही असायचं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे लिंबावर बसून होते, एकही खाली येईना. अर्धा तास गेला. मुलगा म्हणाला, आईच्या शेताकडं लक्ष देईन. सून म्हणाली, गाईला जपेन. तरी नाही. मग तिचा भाऊ पुढं आला.

"दाजी, बोलून टाका. तंबाखू सोडली म्हणा. बहिणीचा जीव त्यातच अडकला शे."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मला लगेच शंका आली. मघापासून हा आणि माझा मुलगा झाडाखाली कुजबुजत होते.

मी विचारलं, "तुझ्या बहिणीनं मला दोन वर्षांत एकदाही सोड म्हटलं नाही. तुला कोणी सांगितलं? कावळ्यानं?"

"आबा, लोक आहेत इथं," मुलगा म्हणाला.

"लोक आहेत म्हणूनच बोलत नाही. इथं सोडली म्हणेन आणि चार दिवसांनी टपरीमागं दिसेन. मग तिच्या नावानं खोटं बोललो असं होईल."

"मग काय म्हणशील तिला?" मुलानं विचारलं.

मला काही मोठं सुचलं नाही. पिंडाजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "मागून खाईन." एवढंच. मागं आलो. माझ्यामागं लोकही सरकले. थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि शिवला. तिचा भाऊ डोळे पुसत म्हणाला, बघा, तिनं ऐकलं. मला वाटतं लोक मागं हटले म्हणून कावळा आला. पण बोललो होतो ते बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सून भाकरी थापत होती. तिच्यावर माझा भरवसा नव्हता. डबीतली तंबाखू ती गुपचूप उकिरड्यावर टाकेल असं मला वाटत होतं. तरी डबी तिच्यापुढं ठेवली.

"आबा, मला वास नाही सहन होत."

"खायला नाही सांगत, सांभाळायला सांगतोय. मी मागितली की द्यायची. लगेच नाही द्यायची. पण लपवायची नाही आणि फेकायची नाही. फेकलीस तर मी दुसरी आणेन आणि तुला सांगणार नाही."

तिनं हात पुसला. डबी पिठाच्या डब्यामागं ठेवली. मी उंबऱ्यावर बसलो. दोन भाकऱ्या झाल्या. मी म्हणालो, "दे."

"सात राहिल्या आहेत," ती म्हणाली. मान वर केली नाही.

मी बसून राहिलो, आणि तिच्या हातावर नजर ठेवली.