लघवी झाली, चहा सांगा

"झाली का?"

आमच्या अतिदक्षता विभागात पाऊल ठेवताना डॉक्टर हेच विचारायचे. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. मी खाटेला टांगलेली लघवीची पिशवी बघायची आणि सांगायची, "अजून नाही, सर." मग ते रुग्णाच्या तोंडाकडे न जाता पायाकडे जायचे, चादर वर सारायचे आणि वाकून दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवायचे.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या तुम्हाला माहीत आहेतच. शुद्धीवर असली तर म्हातारी पाय आखडून घ्यायची. "आवं डाक्टर, माह्या पाया कावून पडता?"

"पडतो की. आधी गुडघे गार हायेत का गरम ते तर बघू द्या. गार म्हंजे रक्त पोचंना."

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा दवाखाना. मी तिथली सिस्टर. डॉक्टर मेंढरं राखणाऱ्या घरातले. एमडी होऊन आले, पण भाषा रानातलीच राहिली. सलाईन चुकीचं लावलं की "डोळे हायेत का बटनं?" असं सगळ्यांदेखत विचारायचे आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाला आपल्या डब्यातली भाकरी द्यायचे. मला ते सिस्टरबाई म्हणायचे. मी पुष्कळदा त्यांच्याशी भांडले आहे आणि एकदाही जिंकले नाही.

त्यांचा एक नेम होता. लघवी बंद पडलेल्या रुग्णाची पिशवी पुन्हा ओली झाली, की ते दारातून ओरडायचे, "लघवी झाली, चहा सांगा!" चहा सगळ्यांना. आम्हाला, वॉर्डबॉयचं काम करणाऱ्या मामांना, बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांनाही. एक पाटील यावरून असे भडकले, की विचारू नका. "आमचा बाप मरायला टेकलाय आन् तुमाला चहा सुचायलाय?"

डॉक्टर कप पुढे धरून म्हणाले, "टेकलेला उठायला लागला, म्हणून तर चहा हाय. घ्या." पाटलांनी मुकाट घेतला. वर साखर कमी आहे म्हणून तक्रारही केली.

पाली गावाकडचा एक मेंढपाळ आला होता. पायात बाभळीचा काटा मोडला, तो काढून हळद दाबली आणि गडी तसाच मेंढरांमागं हिंडत राहिला. आला तेव्हा बीपी लागत नव्हतं आणि गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली होती. औषधं सुरू झाली, तरी तो खालावतच चालला. त्याच्या बायकोनं डॉक्टरांना दारात अडवलं. "काटा निघाला. जंतूबी मरायलेत म्हणता. मग माणूस खचायलाय कावून?"

डॉक्टर तिच्या शेजारी बाकड्यावर बसले. "मेंढवाड्यात लांडगा शिरला, तर मेंढरं किती नेतो?"

"एक."

"आन् मरतात किती?"

"लई. भेदरून कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. खालची गुदमरतात."

"तसंच हाय हे. जंतू म्हंजे लांडगा. तो आला की रक्तातल्या राखणदार पेशी आरोळी ठोकतात. आरोळी म्हंजे रसायनं असतात. सायटोकाइन म्हणतो आमी. थोडी असली तर कामाची. पण एक वरडली की दुसरी वरडती, मग कुणी थांबतच न्हाई. त्यानं रक्ताच्या नळ्या सैल पडतात, पाझरायला लागतात. बीपी पडतं, पाणी फुप्फुसात उतरतं. बारक्या नळ्यांत गुठळ्या होतात, किडनीला रक्त पोचत न्हाई. लांडगा आमी हाणलाय. कळप शांत होईस्तोवर तुमचा माणूस धरून ठेवायचा, एवढंच आता आपल्या हाती."

"शांत झाला ते कसं कळायचं?"

"मुतला की कळतं."

बाई पदराआड हसली. तसल्या दिवसांत तिला हसू आलं, याचं मला नवल वाटलं. त्या माणसाच्या पायाची दोन बोटं गेली, पण तिला चहा मिळाला आणि तो घरी गेला.

डॉक्टरांच्या स्वतःच्या पित्ताशयात खडा होता. ऑपरेशन करून घ्या म्हणून मी मागं लागले होते. "नारायणगडची जत्रा होऊ द्या." जत्रा झाली. "तापाची साथ सरू द्या." साथही सरली. दुसऱ्यांना अंगावर दुखणं काढलं म्हणून झाडणारा हा माणूस स्वतःचा खडा घेऊन खुशाल वॉर्डात फिरत होता. मला अजून राग येतो त्यांचा.

एका दुपारी त्या खड्यापायी जंतू रक्तात गेले, थंडी वाजून ताप भरला आणि त्यांना त्यांच्याच वॉर्डात आणलं. त्यांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. संभाजीनगरला हलवायचं ठरलं, पण बीपी तेवढंही धरेना. मी चादर वर सारली आणि गुडघ्यांवर हात ठेवला.

"कसे हायेत?" त्यांनी विचारलं.

"कोमट आहेत, सर."

"सिस्टरबाई, खोटं बोलायला मी तर न्हाई शिकवलं तुमाला." मग म्हणाले, "झाली का?"

पिशवी कोरडी होती. "होईल, सर," मी म्हणाले.

"कळप लई बिथरलाय," ते म्हणाले आणि डोळे मिटले. दिवस मावळायच्या आत गेले.

त्यानंतर आमच्याकडं "झाली का?" असं कुणी विचारेना. आम्ही पिशवीवरचा आकडा बघायचो, लिहायचो आणि पुढच्या खाटेकडं जायचो. बरे होणारे बरे होत होते. चहाचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं.

मग सिरसाळ्याची एक म्हातारी आली. तिचाही कळप असाच उधळलेला, पिशवी कोरडी. गुडघ्यांना हात लावला की मला शिव्या द्यायची, म्हणून मला ती आवडायची. एका सकाळी तिच्या पिशवीत पिवळं पाणी दिसलं. मी बघितलं, धाकट्या डॉक्टरांनी बघितलं, मामांनी बघितलं.

"चहा सांगा," मी म्हणाले. धाकट्या डॉक्टरांनी तोंड फिरवलं. मामा बाहीनं डोळे पुसत कँटीनकडं निघाले.

म्हातारीनं एक डोळा उघडला. आमच्याकडं बघून घेतलं.

"आगं बाई," ती म्हणाली, "मी मुतले तर रडायलात कावून?"