डोंगरावर संशय घेणाऱ्या साठेबाई

साठेबाई गेल्याचं मला पोलादपूरच्या स्टँडवर कळलं. महाडची गाडी लागायची होती. समोरच्या औषधाच्या दुकानातला आमचा एक जुना विद्यार्थी रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "बाई, साठेबाई काल गेल्या. तुम्हाला कुणी कळवलं नाही?" कुणीच कळवलं नव्हतं. गाडी आली तशी चढले. याला आता दीड-दोन महिने झाले. लिहायला बसावं असं आज प्रथमच वाटलं.

वसुधा साठे आमच्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. दोघीही महाडच्या, त्यामुळे जाणंयेणं एकाच एसटीनं. शाळा पोलादपूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाईंचा स्वभाव मुळातच संशयी. पुस्तकात छापलंय म्हणून त्यांना ते खरं वाटत नसे. पाणी शंभर अंशांना उकळतं ना, मग ठेवा स्टोव्हवर पातेलं! पारा शंभराच्या आतच अडला की बाई आधी थर्मामीटरवर संशय घ्यायच्या, मग पाण्यावर, आणि शेवटी पुस्तकावर. एकदा त्यांनी खाटकाकडून बोकडाचे डोळे आणवले आणि त्यातलं भिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. अक्षरं मोठी दिसली तशी मुली किंचाळायच्या थांबल्या. पण चार दिवसांत गावभर झालं की शाळेत मटण शिजतं. मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेत येऊन पातेल्याचा वास घेतलेला मी स्वतः पाहिलाय.

नववीला समरूप त्रिकोण आले तेव्हा बाईंनी वर्ग डोंगरावर न्यायचं ठरवलं. मुली असल्यामुळे सोबत दुसरी बाई हवी, म्हणून मी. कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून मुलं चढ मोजत होती, वाडीच्या वरच्या वरकस, उताराच्या जमिनीत खुंट्या ठोकत होती. तेवढ्यात धोंडू उतेकर आले. नाचणीची ती जमीन त्यांची. हातात कोयती, मागे वाडीतली आणखी माणसं.

"बाई, कुनाची मोजनी हाय ही?"

"मुलांचं गणित आहे, उतेकर."

"गनिताला आमचा डोंगर कशाला? फळ्यावर मावत नाय?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. खाली महाडच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी गेल्या होत्या, आणि तिथेही आधी खुंट्याच आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमची एकही खुंटी जागेवर नव्हती.

दुसरी एखादी असती तर वर्गात परतली असती. बाई उतेकरांच्या अंगणात जाऊन बसल्या. म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या त्या सागाची उंची पोरांनी खालूनच काढलीय. तुम्ही वर चढा, दोर सोडा आणि खोटं पाडा." उतेकर चढले. दोर सोडला. आकडा जवळजवळ जुळला. त्यांनी आपल्या जमिनीत खुंट्या ठोकू दिल्या. बाकीच्यांनी दिल्या नाहीत.

त्या जमिनीत आडवी एक बारीक भेग होती. उन्हाळ्यात जमीन तडकते, तशीच सगळ्यांना वाटायची. बाईंनी एक खुंटी भेगेच्या वर मारली, एक खाली, आणि मधल्या अंतराएवढा सुंभाचा दोर मुलांकडून बेतून घेतला. पावसाळ्यात पुन्हा गेलो तर दोर वीतभर अपुरा पडला. मुलं घाबरली. बाई म्हणाल्या, "सुंभ भिजला की आखडतो. दोर खोटं बोलतोय." पुढच्या खेपेला त्यांनी लोखंडी तार नेली आणि नवं माप घेतलं. आठवड्याने तीही पुरेना. मग बाईंचा संशय उतेकरांवर गेला. तरातरा त्यांच्या दारात जाऊन त्या म्हणाल्या, "खुंटी तुम्ही हलवलीत."

उतेकरांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "पयली उपटली ती मीच. सांगतो ना. पन हिला हात लावला असंल तर गावदेवी बघून घेईल."

दोघं वर गेले. मी छत्री धरून मागे. खुंटीच्या बुडाशी गवत घट्ट उगवलेलं होतं, एक पातं मोडलेलं नव्हतं. बाईंनी उकिडवं बसून ते गवत बोटांनी चाचपलं. मग उठल्या आणि खालच्या घरांकडे बघत म्हणाल्या, "उतेकर, तुम्ही नाही. डोंगर हलतोय."

उतेकरांनी त्याच आठवड्यात बायकापोरं आणि गुरं रस्त्यालगतच्या मेव्हण्याकडे हलवली. भावाला, शंकरला, नाना परीनं सांगितलं. शंकर म्हणाला, "बाईला वाडी मोकळी करून पायजे. तू तिला सामील हायस." आणि त्या वर्षी डोंगर खाली आला नाही. पाऊस ओसरला, उतेकर मान खाली घालून परतले. भावाभावांचं बोलणं तुटलं. शाळेत तक्रार गेली, बाईंकडून नववी काढून त्यांना पाचवी दिली. मुख्याध्यापक मला एकटीला गाठून विचारायचे, "त्या कुठल्या कंपनीसाठी तर काम करत नाहीत ना?"

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघीच रविवारी जाऊ लागलो. तार आणखी अपुरी पडली. तहसील कचेरीत बाईंनी खेटे घातले. तिथे सगळे ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे. उतेकरांनी या खेपेला घर रिकामं करून कौलंसुद्धा उतरवली. वाडी हसली.

श्रावणात भर दुपारी दरड आली. माणसं खाली शेतात होती म्हणून वाचली. उतेकरांच्या रिकाम्या घरावरून चिखल सरळ शंकरच्या घरात घुसला. आत चुलीपाशी त्याची बायको होती…

तिसऱ्या दिवशी बाई भेटायला गेल्या. जाऊ नका म्हणून मी विनवलं होतं. शंकर सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्ही खुंट्या ठोकल्यात म्हनून डोंगर फुटला." कुणी त्याला अडवलं नाही. बाकीच्यांच्या डोळ्यांतही तेच होतं. मला वाटलं बाई रडतील, नाहीतर रागावतील. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला असं वाटतंय, तर मला ते तपासायला हवं." आणि खरंच तपासलं. कितीतरी दिवस गाडीत त्या माझ्याशी तेवढंच बोलत. खुंटी हातभर, भेग पुरुषभर खोल, पाणी कुठून मुरलं, खुंटीच्या भोकातून किती जाईल… शेवटी एका संध्याकाळी म्हणाल्या, "नाही गं निर्मला. खुंट्यांनी नाही झालं." मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी सोडला नाही. "पण शंकरला मला पटवता आलं नाही," त्या म्हणाल्या.

वाडी पुढे रस्त्याच्या कडेला वसली. बाईंना नववी परत मिळाली, कुणी माफीबिफी मागितली नाही. निवृत्त होईपर्यंत त्या मुलांना बाहेर नेत राहिल्या. मात्र जिथे खुंटी ठोकायची तिथल्या माणसाला आधी सगळं समजावत, आणि त्याच्याकडूनच ठोकवून घेत.

महाडला मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा ओटीवर माणसं बसली होती. जो येईल तो हळू आवाजात म्हणायचा, पुण्यवान, त्रास नाही झाला. बाईंचा मुलगा मान हलवत होता. थोड्या वेळानं धोंडू उतेकर आले. खूप थकलेले, नातवाच्या मोटारसायकलवरून. कोपऱ्यात टेकले आणि मुलाला विचारलं, "कशानं गेल्या?"

"दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं."

"म्हनाले म्हंजे? कुनी तपासलं? किती येळानं आला डाक्टर?"

ओटीवर चुळबुळ झाली. सूनबाई आतून दारात आली. कुणीतरी उतेकरांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी झटकला. "थांबा. मला कळू दे."

 मुलगा त्यांच्याजवळ सरकून बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. सकाळी ती काय बोलली, काय जेवली, छातीत जळजळतंय असं कधी म्हणाली, त्याने हाक कधी मारली, हात लावला तेव्हा अंग कसं लागलं. उतेकर मध्येच अडवत होते, परत विचारत होते, आणि तो परत सांगत होता. सांगता सांगता तो रडायला लागला, तरी थांबला नाही. सगळं संपल्यावर उतेकरांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"आता पटलं," ते म्हणाले, आणि मग त्यांचे खांदे हलू लागले.