डावा कोपरा

हिवरखेडच्या कबड्डी संघात डावा कोपरा शाकीबचा आणि त्याच्या शेजारची जागा चंदनची. दोघं नववीत असल्यापासून हे असंच चालत आलं होतं आणि त्यात काही बदल करावा असं गावात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. शाकीब अब्दुल गफ्फार पिंजाऱ्याचा मुलगा. अंगाने काटक, पण मनगटं अशी की एकदा घोटा हाती लागला की चढाई करणाऱ्याला स्वतःचा पाय परका वाटायला लागावा. चंदन देवीदास माळ्याचा. रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा. शाकीबने पायावर झेप टाकली की चंदन वरून कमरेवर येऊन पडायचा, आणि समोरचा गडी मधल्या रेषेकडे हात लांबवून नुसती माती चाचपत राहायचा.

शाळेमागच्या मैदानावर त्यांना खुशालराव शिकवायचे. तरुणपणी अकोला जिल्ह्यात त्यांच्या चढाईला नाव होतं, आता बसस्टँडजवळ त्यांचा पानठेला होता. संध्याकाळी ठेला भावाच्या हवाली करून ते मैदानावर यायचे आणि काठावर उकिडवे बसून ओरडायचे, "त्याच्या तोंडाकडे काय पाहून राहिला बे? पाय पाह्य, पाय!"

शाकीब पाय पाहायचा. चंदन कुठे आहे हे त्याने कधी पाहिलं नाही. पाहायची गरजच पडली नव्हती.

बारावीच्या वर्षी थंडीत ते वरूडला खेळायला गेले. संत्र्यांचा हंगाम होता, मैदानाच्या एका बाजूला पेट्या भरण्याचं काम चाललं होतं, आणि तिथल्या बाया हातातलं फळ तसंच धरून खेळ बघायला उभ्या राहत. अंतिम सामन्यात यजमान संघाचा एक धिप्पाड गडी होता. त्याला त्या स्पर्धेत कोणी धरू शकलं नव्हतं. शाकीबने त्याला धरलं, पुन्हा धरलं, आणि शेवटच्या चढाईतही धरलं. सामना संपल्यावर एका व्यापाऱ्याने खुशीने संत्र्यांची पेटी त्यांच्या जीपमध्ये टाकली. परतीच्या वाटेवर ती सगळी फस्त झाली आणि दोघांची पोटं बिघडली.

त्या जीपमध्ये चंदन म्हणाला होता, "तू गेला का मले काही पाहा लागत नाही. माहा पाय आपोआप निंघते."

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. दर आठवड्याला पेपरात शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत जवळपासच्या कुठल्या तरी गावाचं नाव यायचं, आणि त्या घरी भेटून आलेली माणसं पानठेल्यावर आवाज खाली करून बोलायची. कापसाच्या मुलखात गफ्फारमियांकडे नवी गादी भरून घ्यायला कोणी येईना. लग्नं पुढे ढकलली जात होती. आधी लोक जुनाच कापूस पिंजून न्यायचे, मग तेही थांबलं. संघातही हळूहळू खिंडारं पडली. एक सुरतेला गेला, एक पुण्याकडे रखवालदार म्हणून लागला. संध्याकाळी मैदानावर सात जण जमवायला खुशालरावांना दारोदार हाका माराव्या लागायच्या.

मग देवीदासची विहीर आटली. वांग्याचं आणि झेंडूचं रान एकाच उन्हाळ्यात वाळून गेलं. खोल बोअर मारून पाहिली, तर नुसता फुफाटा वर आला. चंदनचा मावसभाऊ चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता, त्याने त्याला बोलावून घेतलं.

शाकीब त्याला स्टँडवर सोडायला गेला. शाकीबला स्वतःला अकोल्याच्या कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला होता.

"तू कालेजात खेळत राह्य," चंदन म्हणाला. "मी दिवाळीले येतोच."

"तिकडे कबड्डी असन ना?"

"तिकडे बारा घंट्याची ड्युटी हाय," चंदन म्हणाला आणि बॅग घेऊन एसटीत चढला.

कॉलेजात अरबट सर खेळ शिकवायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात शाकीबची पकड पाहिली आणि डावा कोपरा त्याला दिला. शेजारी ओमप्रकाश नावाचा मुलगा आला. चांगला खेळाडू, अकोल्यातच वाढलेला, चपळ. सरावात सगळं ठीक चाललं होतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शाकीबने नेहमीसारखी झेप टाकली, घोटा हातात घट्ट आला, आणि वरून कोणीच आलं नाही. गडी त्याला फरफटत रेषेपर्यंत घेऊन गेला. ओमप्रकाश उशिरा धावला, आणखी दोघं धावले, तेही त्या ओढाताणीत बाद झाले. सामना तिथेच हातचा गेला.

"तू बोल्ला काहून नाही?" ओमप्रकाश वैतागून म्हणाला. "आवाज द्या लागते ना, पकडतो म्हणून."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आवाज द्यायचा असतो हे शाकीबला माहीतच नव्हतं. कोपरावरची सोललेली कातडी धुताना त्याच्या डोळ्यांसमोर सारखा तो क्षण येत होता. हातात पाय आणि पाठीवर काहीच नाही.

पुढच्या सामन्यात त्याने झेप घेण्याआधी शेजारी पाहिलं. पाहायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाच वेळ गेला, पण तेवढ्यात पाय निघून गेला. मग त्याने आवाज द्यायचा प्रयत्न केला. आवाज दिला की गडी सावध व्हायचा. आवाज न देता गेला तर झेपेच्या मध्येच अंग आखडायचं. ज्या गोष्टीचा त्याने आजवर कधी विचार केला नव्हता, तिचाच आता दिवसभर विचार चालायचा. वर्गात, खानावळीत, रस्त्याने चालतानासुद्धा समोरच्या माणसाच्या टाचा तेवढ्या दिसायच्या. ही टाच आता धरली असती का आपण? आणि धरली असती तर?

अरबट सरांनी बराच धीर धरला. त्यांनी त्याच्यावर ओरडून पाहिलं, बाजूला नेऊन समजावून पाहिलं, कोपरा बदलून पाहिला. विद्यापीठाच्या संघाची निवड अमरावतीला होती. कॉलेजातून जायच्या नावांत शाकीबचं नाव त्यांनी स्वतः हट्टाने घातलं.

"तुझ्यासारखी पकड मी वऱ्हाडात दुसऱ्या पोराची पाहिली नाही," ते गाडीत म्हणाले. "डोकं घरी ठेव आणि खेळ."

शाकीबने मान डोलावली. त्याला वाटलं, सरांनी हे बोलायला नको होतं.

अमरावतीच्या मैदानावर त्याच्यासमोर एकामागून एक गडी आले. तीन वेळा पाय त्याच्या हाताच्या अंतरावर आला आणि तीनही वेळा तो जागचा हलला नाही. निवड करणारे गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी त्याला नुसतं हाताने बाहेर बोलावलं आणि अंगातला नंबरचा बनियन काढून वलगावच्या एका मुलाला द्यायला सांगितला. त्या मुलाने तो घामाने ओला बनियन चढवला आणि पहिल्याच चढाईला गडी आडवा पाडला. सरांनी टाळ्या वाजवल्या. मग शाकीब शेजारी उभा आहे हे ध्यानात येऊन त्यांनी हात खिशात घातले.

तिथून पुढे कॉलेजचा संघ कुठेही गेला की शाकीब बाकावर बसायचा. पाण्याच्या बाटल्या द्यायचा, कपडे सांभाळायचा. सुटीत तो घरी आला तेव्हा त्याच्या अम्मीने, अनवरीने, त्याचा चेहरा पाहून काही विचारलं नाही. ती रजईला टाके घालत बसली होती, एवढ्या दिवसांत ते एकच काम आलं होतं. गफ्फारमियांनी मात्र जेवताना विषय काढला.

"खेल छोड़ दे, ये मैंने कभी नहीं बोला," ते म्हणाले. "लेकिन जो चीज अंदर से खा रही तेरे को, उसको कब तक पालेगा?"

"अब्बा, चंदन नहीं है ना. उसके बगैर नहीं होता."

हे त्याने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं आणि म्हटल्याबरोबर त्याला ते पटलं. खरंच, दुसरं काय कारण होतं? चंदन शेजारी असताना तो कधी चुकला नव्हता. दोष आपल्यात नाही, शेजारच्या रिकाम्या जागेत आहे. त्या रात्री त्याला फार दिवसांनी शांत झोप लागली, आणि दिवाळीपर्यंतचे दिवस त्याने या एका विश्वासावर काढले.

दिवाळीला चंदन आला. वाळला होता, रातपाळीने चेहरा पिवळट पडला होता, पण खांदे तेच होते. खुशालरावांनी कशीबशी गावची स्पर्धा उभी केली होती. दरवर्षी लांबलांबून संघ यायचे, या वेळी आसपासचे चार-पाच आले. बक्षीस म्हणून कोणीतरी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

पहिल्या सामन्यात पहिलाच पाय समोर आला आणि शाकीब झेपावला. वरून ओळखीचं वजन धप्पकन आलं. तिघं मातीत लोळले. उठताना चंदन हसला आणि त्याच्या पाठीवरची धूळ झटकत म्हणाला, "कोण म्हणते बे तुह्या हातून होत नाही?"

त्याला सगळं कळलं होतं तर. शाकीबही हसला. काठावर खुशालराव उकिडवे बसून मांडीवर थापा मारत होते. त्या दुपारी आणखी दोन गडी दोघांनी असेच धरले.

शेवटचा सामना तेल्हाऱ्याच्या संघाशी झाला. गुण बरोबरीत होते आणि वेळ संपत आला होता. त्यांचा उंच, लांब ढांगांचा गडी चढाईला आला. डाव्या कोपऱ्याकडे त्याने पाय टाकला, शाकीबने झेप घेतली, घोटा दोन्ही हातांत आला. अगदी नीट आला. आणि त्याच क्षणी, कसलंही कारण नसताना, त्याच्या मनात आलं, की चंदन आला नाही तर?

त्याचे हात उघडले.

चंदन तोवर हवेत होता. पाय सुटलेला गडी गिरकी घेऊन निसटला आणि चंदन एकटाच उजव्या खांद्यावर आपटला. त्या वर्षी पाऊस लवकर गेला होता, जमीन टणक झाली होती. हाड मोडल्याचा आवाज काठावरच्या लोकांनाही आला.

जीप मिळेपर्यंत शाकीबने त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात खांद्यात धातूची पट्टी बसवावी लागली. डॉक्टर म्हणाले, हात वापरता येईल, पण वजन उचलायचं नाही, आणि खांद्याच्या वर तो फारसा जाणार नाही. चाकणच्या कंत्राटदाराने फोनवर बोलणं फार लांबवलं नाही. चंदनच्या जागी दुसरा मुलगा आधीच आला होता.

गावात सगळे म्हणाले, तेल्हाऱ्याच्या गड्यात भारी ताकद होती, शाकीबच्या हातून पाय ओढून नेला त्यानं. शाकीबने कोणाचा समज दुरुस्त केला नाही. चंदनला घरी आणल्यावर तो रोज संध्याकाळी जायचा. चंदनची आई, सत्यवतीकाकू, चहा द्यायची आणि म्हणायची, "तू व्हता म्हणून बरं झालं बापा, भावावानी धावला." तो कप हातात धरून बसून राहायचा.

एक दिवस काकू बाहेर गेली असताना चंदनने विचारलं, "तो सुटला का तू सोडला?"

"सोडला."

"काहून?"

"तू येशील का नाही असं वाटलं."

चंदनने आढ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर शाकीबला सोपं गेलं असतं.

"मी तं आल्तो," तो म्हणाला.

"हो."

त्यानंतर दोघांत बोलण्यासारखं काही उरलं नाही. शाकीब जात राहिला, पण आधी रोज, मग दिवसाआड, मग कधीतरी. दिवाळीनंतर कॉलेज सुरू झालं तेव्हा तो अकोल्याला गेला नाही. अरबट सरांचा दोनदा निरोप आला. दुसऱ्यांदा त्याने सांगून पाठवलं की तब्येत बरी नाही. गफ्फारमियांनी सायकलला पिंजण्याचं सामान बांधलं आणि काही न विचारता त्याला बरोबर घेतलं. खेडोपाडी फिरून जुन्या गाद्या उसवायच्या, दबून दगड झालेला कापूस मोकळा करायचा. पुष्कळ गावांत दिवसभर हाका मारूनही एखादंच घर दार उघडायचं.

पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही. खुशालरावांनी शाकीबला एकदा ठेल्यावर थांबवलं. शाळेतली पोरं तयार करायची होती, त्यांचे स्वतःचे गुडघे आता साथ देत नव्हते.

"नुसता काठावर बसजो. सांगत जाजो त्यायले," ते म्हणाले.

"काय सांगू, काका?"

खुशालराव पानाला चुना लावत होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते तिकडे वळले. शाकीब सायकल घेऊन निघाला.

चंदन आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसायला लागला. घरच्या रानात काही पिकत नव्हतं, अकोटहून माल आणून विकायचा. डाव्या हाताने तराजू धरायची त्याने सवय करून घेतली होती. शाकीब बाजारात आला की त्याच्याकडूनच भाजी घ्यायचा. मेथी कशी दिली, वांगे ताजे हायत का, गफ्फारचाचाची तब्येत कशी हाय, एवढंच बोलणं व्हायचं. तराजू जड झाला की चंदन उजवा हात मदतीला आणायला जायचा आणि तो अर्ध्यावरच अडायचा. शाकीबला तराजू धरावासा वाटायचा, पण तो पुढे होत नसे. पिशवी उघडून तो तसाच उभा राहायचा.