बाहीवरची फुली

आमच्या वन्संचं सगळे कौतुक करतात, की जन्मात कुणाला उलट बोलल्या नाहीत. घाबरलेल्या माणसाला शांत म्हणायची रीत कुणी काढली, हे मला त्या सगळ्यांना एकदा विचारायचंय. नवऱ्याची मोठी बहीण म्हणून मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांचं लग्न झालं नाही. खाली सासूबाईंचं शिवणाचं दुकान, वर घर, आणि मागच्या खोलीत वन्संची खाट. दुकानात त्या काजं करायच्या, तीही हातानं. काज एकदा कापलं की कापलं, मागे घेता येत नाही. त्यांचं काज तिरकं गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

हात असा अचूक, म्हणून घरातली प्रत्येक वाटणी त्यांच्याच गळ्यात. वाटे करेल त्यानं शेवटी उचलायचं, हा सासूबाईंचा नियम. म्हणजे लबाडीला जागा नाही. कलिंगड असो की उरलेलं कापड, वन्संनी कापायचं, बाकीच्यांनी उचलायचं आणि मागे राहील ते वन्संचं. पण फोडी सारख्या कापता येतात, गोडी नाही. पन्नाशी उलटली तरी मधला लाल गाभा काही त्यांच्या वाट्याला आला नाही.

सासूबाईंनी मरेपर्यंत सगळ्यांना धाकात ठेवलं. मृत्युपत्र वगैरे काही केलं नाही. दवाखान्यात थोरल्या दिरांना जवळ बोलावून, वन्संकडे बोट दाखवत एवढंच म्हणाल्या, "वाटे हिनं करायचे. माझ्या नियमानं."

थोरले दीर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात. बोलणं लोण्यासारखं, नजर टायरवर. वाटण्यांसाठी त्यांनी रविवार ठरवला. त्याआधीच जाऊबाई येऊन पडद्यांसाठी आमच्या खिडक्यांची मापं घेऊन गेल्या. जाता जाता मागच्या खोलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, ही सामान टाकायला बरी आहे. वन्सं तेव्हा खोलीतच होत्या, खाटेवर बसून बटणं निवडत.

त्या दिवसापासून वन्संचं अन्नावरचं मन उडालं. जिन्यात पाऊल वाजलं की हातातली सुई थांबायची. कडी लागली आहे ना, हे उठून उठून बघायच्या. चोराचं भय नव्हतं ते, घरच्यांचंच होतं. एकदा मी धुतलेले कपडे ठेवायला गेले, तर खाटेखाली गाठोडं बांधून तयार. कुठे निघालात, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, कुठे नाही गं, ऐनवेळी शोधाशोध नको. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, तिला कोण काढतंय. कोण काढतंय ते ह्यांना चांगलं ठाऊक होतं. पण थोरल्या भावासमोर ह्यांची दातखीळ बसते, ती लहानपणापासूनची.

शनिवारी वन्संनी कापडावर खुणा करायचे पांढरा आणि निळा असे दोन खडू घेतले आणि घरभर फिरल्या. शिवणयंत्रांवर पांढरी रेघ, दुकानाच्या शटरवर रेघ, सासूबाईंच्या दागिन्यांच्या डब्यावर आणि बँकेच्या पुस्तकावर रेघ. वरच्या घराच्या दारावर मात्र निळी फुली. कपाटावर, टेबलावर, भांड्यांच्या फळीवर फुली. मी मागोमाग हिंडत तिसऱ्या खुणेची वाट बघत होते. तीन भावंडांचे तीन वाटे, एवढं गणित मलाही येतं. शेवटी त्या आपल्या खोलीत गेल्या आणि खाटेवर निळीच फुली मारली. मग बटणांच्या डब्यावर. मग गाठोड्यावर.

रविवारी सगळे जमले. वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. त्यांच्या कुडत्याच्या बाहीवर मला निळं काहीतरी दिसलं. खडू लागला असेल म्हणून मी झटकायला हात पुढे केला, तर त्यांनी बाही मागे ओढली.

"राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "ते बरोबर आहे."

मी नीट पाहिलं. फुलीच होती, पट्टी लावून काढावी तशी नेमकी. वन्संनी जमिनीकडे बघत सांगितलं की वाटे दोनच आहेत. एकात दुकान, पैसा, दागिने. दुसऱ्यात घर, आणि घराबरोबर त्या. जो घर घेईल त्यानं त्यांना ठेवायचं.

मी भडकले. माणूस म्हणजे काय कपाट आहे का, तिसरा हिस्सा तुमच्या हक्काचा आहे, असं सगळ्यांसमोर बोलले.

"हक्क घेऊन राहू कुठे?" वन्संनी विचारलं.

थोरल्या दिरांनी मापं घेतलेल्या खिडक्यांकडे पाहिलं, मग त्या बाहीकडे. घराची किंमत दुसऱ्या वाट्याहून बरीच जास्त होती, हे ते जाणून होते. वन्संही जाणून होत्या. जेवढी जास्त होती तेवढं त्यांनी स्वतःला उणं धरलं होतं, आणि वाटे सारखे केले होते. त्यांचा हात कधी चुकत नाही.

"मी रेघेचं घेतो," थोरले दीर म्हणाले. जाऊबाईंनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

फुलीचं आमच्याकडे आलं. ह्यांनी नुसती मान हलवली. शेवटी उचलायचं ते वन्संनी, पण उचलायला उरलंच काय होतं. घर आपलं झालं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीती, आणि तीही माझीच मला. आज मी त्यांच्या बाजूनं भांडले, पण उद्या कधी डोकं फिरलं आणि मागच्या खोलीबद्दल जाऊबाईंचेच शब्द माझ्या तोंडून निघाले तर? ते अडवायला घरात कोण आहे?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कलिंगड आणलं. मीच कापलं, वेडंवाकडं, आणि ताटली वन्संसमोर ठेवून म्हटलं, आज तुम्ही आधी उचला. त्यांचा हात गाभ्याच्या फोडीपर्यंत गेला आणि तिथेच अडला. आम्ही दोघांनी घेतल्यावर त्यांनी कडेची फोड उचलली. रस बाहीवर सांडला. कालचाच कुडता होता अंगात. द्या काढून, लगेच धुवून टाकते, मी म्हटलं.

वन्संनी दुसऱ्या हातानं ती फुली झाकून धरली.

"इतक्यात नको गं," त्या म्हणाल्या. "पुसली जाईल."