सुतकाच्या घरातली चोरी

त्या चोरीची आठवण आजही ताजी आहे. खुनांचे, दरोड्यांचे तपास केले, त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण एका साध्या फ्लॅटमधून गेलेला संगणकाचा डबा काही विसरता येत नाही, कारण तो डबा अप्पांचा होता.

अप्पा रहस्यकथा लिहायचे. मी नवा फौजदार असताना ते आमच्या ठाण्यात आले, ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसायची परवानगी मागितली आणि पुढे कित्येक वर्षं सकाळचे येऊन बसत राहिले. पंचनामा कसा लिहितात, रिमांड कशी मागतात, आरोपीला चहा कोण देतं, सगळं विचारायचे. आमच्याकडून गोष्टी न्यायला आलेला हा माणूस मला मात्र पोलिसी शिकवून गेला. एकदा मी एका संशयितावर बराच वेळ खेकसत होतो. तो बधेना. बाहेर आल्यावर अप्पा शांतपणे म्हणाले, “आपण फार प्रश्न विचारता. गोष्ट ऐकतात तसं ऐका. नुसतं ‘मग?’ म्हणा आणि गप्प बसा. रचलेली गोष्ट नीटनेटकी असते. खरं सांगणारा अडखळतो, नको ते सांगत बसतो.”

त्या एका ‘मग?’वर मी पुढची सगळी नोकरी केली, असं म्हटलं तरी चालेल.

अप्पा गेले ते झोपेतच. मी तोवर त्याच ठाण्यात निरीक्षक म्हणून परत आलो होतो. माझे वडील गेले तेव्हा बंदोबस्ताच्या धावपळीत मला धड रडताही आलं नव्हतं. अप्पांना खांदा देताना मात्र अंगावर युनिफॉर्म असून रडलो, आणि कोण बघतंय याची फिकीर केली नाही.

त्यानंतर तीन-चार दिवसांतच काकूंचा, म्हणजे अप्पांच्या पत्नीचा फोन आला. अप्पांचा संगणक चोरीला गेला होता. अप्पांनी उतारवयात हौसेने तो घेतला होता आणि शेवटची कादंबरी त्यावरच लिहिली होती. कागदावर एक ओळ नव्हती. पडदा आणि कीबोर्ड जागेवर होते, फक्त ज्यात सगळं साठतं तो डबा, म्हणजे सीपीयू, गेला होता.

“अहो, टीव्ही नेला असता तर बरं झालं असतं,” काकू म्हणाल्या. “तसाही मी एकटी काय बघणार आहे? पण ते पुस्तक तेवढं मला हवंय. रोज संध्याकाळी लिहिलेलं मला वाचून दाखवायचे. शेवटचे काही दिवस राहिले ऐकायचे.”

गुन्हा दाखल केला, घटनास्थळाचा पंचनामा केला. कुलूप तोडलेलं नव्हतं, खिडक्या शाबूत होत्या. तोडायची गरजच काय? सुतकाच्या घरासारखं चोरीला सोयीचं घर नाही. दार दिवसभर उघडं असतं. येणाऱ्याला कोण, कुठले, असं कुणी विचारत नाही. जाणारा ‘येतो’ म्हणत नाही, त्याला पोचवायला कुणी दारापर्यंत जात नाही. हातात काही असलं तरी जेवणाचे डबे आणणाऱ्या शेजाऱ्यांपैकी कुणीतरी असेल, असं समजून लोक मान खाली घालतात. काकू आतल्या खोलीत बायकांमध्ये बसून होत्या. बाहेर अप्पांचा पुतण्या होता, पण तो फोनवर होता. आता तोच पुतण्या माझ्यासमोर टेबलावर हात आपटत एखाद्या प्रकाशकानेच माणूस पाठवला असणार म्हणून सांगत होता.

मी तपास पथकाच्या हवालदाराला बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरवलं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याचा निरोप आला. एक तरुण बंद पडलेला डबा ठेवून गेला होता. विकायचा नव्हता त्याला. पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की काही झालं तरी आतलं पुसू नका.

मी विचारात पडलो. चोरीचा माल असेल तर चोराला आधी आतलं पुसायची घाई असते. याला ते जपायचं होतं.

तरुण डबा न्यायला आला आणि आम्ही त्याला डब्यासकट ठाण्यात आणलं. चेहरा पाहिला आणि ओळख पटली, अप्पांच्या अंत्ययात्रेत तो माझ्या मागेच चालत होता. विदर्भातून आलेला, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, तिथेच एका हॉस्टेलवर राहणारा. बातमी कळताच आलेला पुतण्या दाराशीच उभा होता, त्याला मी बाहेर बसवलं. मुलाला पाणी दिलं आणि सांग म्हणालो.

त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. डबा अप्पांनीच त्याला दुरुस्तीला दिला होता, तो घेऊन गेला, झालं. शुद्ध, पुण्याच्या वळणाची मराठी, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मी म्हणालो, “मग?”

तो तेच पुन्हा म्हणाला. मी गप्प बसलो. बाहेर वायरलेस खरखरत होता. मुलाने ग्लास उचलला, खाली ठेवला आणि भलतंच बोलायला लागला. दर रविवारी कंपनीच्या बसला सुट्टी असल्यामुळे शहरात यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. काकूंच्या हातच्या थालीपिठासाठी तो त्या बदलायचा. कंपनीच्या संगणकावर मराठी उमटत नाही, म्हणून अप्पांच्या संगणकावर बसून तो कथा लिहायचा आणि अप्पा त्या तपासायचे. त्याच्या सगळ्या कथा त्याच डब्यात होत्या.

“मग?”

“डबा बंद पडला होता जी. अप्पांनी मला रविवारी ये म्हणून फोन केला होता. रविवार यायच्या आधीच ते गेले. मी भेटायला गेलो तर त्यांचे पुतणे कुणाला तरी सांगत होते, की तेरावं झालं की हा डबा भंगारात देऊन टाकू. मी काय करू? माणूस जाऊन तीन दिवस झाले, काकू आत रडून राहिल्या, अन् मी माझ्या कथा मागू कसं साहेब? लाज वाटली जी मागायला.”

“आणि उचलून न्यायला?”

तो खाली बघून म्हणाला, “तेव्हा फक्त डबा दिसला.”

गोष्ट अजिबात नीटनेटकी नव्हती. मला खात्री पटली की ती खरी आहे.

दुरुस्तीवाल्याला पडदा घेऊन ठाण्यात बोलावलं. डब्याला वीज पुरवणारा भाग तेवढा जळाला होता. तो बदलला आणि पंचांसमक्ष यंत्र सुरू झालं. अप्पांची कादंबरी होती, शेजारी मुलाच्या कथाही होत्या. पडद्यावर अप्पांची वाक्यं दिसली तेव्हा मी उगाचच ड्यूटी रजिस्टर चाळत बसलो, कारण खोलीत हाताखालची माणसं होती. पुतण्याही बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. भंगाराचं बोलणं आपलंच होतं, हे त्याने कबूल केलं आणि त्यानंतर टेबलावर हात आपटला नाही.

काकूंनी जबाबात लिहून दिलं, की मुलगा घरातलाच आहे, त्याचा इरादा वाईट नव्हता. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी ‘क’ समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल कोर्टात पाठवला, तो मंजूर झाला आणि मुद्देमाल काकूंच्या ताब्यात दिला. मुलाचं नाव रेकॉर्डवर आरोपी म्हणून राहिलं असतं तर पासपोर्टच्या चौकशीपासून सगळीकडे त्याला ते आडवं आलं असतं. काकू त्याला एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वेळी माग. पुण्यात मागितलं तर फार फार तर नाही म्हणतात.”

पुढच्या रविवारपासून तो काकूंना कादंबरी कागदावर छापून वाचून दाखवू लागला. शेवटच्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. वाचता वाचता तो एका अर्ध्या परिच्छेदापाशी थांबला. अप्पांनी तिथवरच लिहिलं होतं. खुनी कोण ते कळायचंच राहिलं होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, मला वाटलं आता त्या उठून आत जातील.

या तपासाने मला शिकवलं, की मागायला लाजणारी माणसंही कधी कधी चोरासारखी दिसतात, आणि त्यांना ओळखायला आवाज चढवावा लागत नाही, थांबावं लागतं. थांबणं मी अप्पांकडून शिकलो असं मला वाटायचं. ते अप्पा कुणाकडून शिकले असतील, ते मला त्या रविवारी कळलं.

काकूंनी पदराने डोळे पुसले, मुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मग?”

मुलगा गडबडला. “पुढं नाही लिहिलेलं, काकू.”

काकू नुसत्या बघत राहिल्या.

मुलाने कागद बाजूला ठेवले आणि अडखळत पुढचं सांगायला सुरुवात केली.