वहीतली वेबसाइट

अभ्यासिकेत माझ्यासमोर सुनंदाताई बसतात. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून फोनवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत वेबसाइट बनवायचा कोड त्या वहीत उतरवून घेतात. काल व्हिडिओतले सर म्हणाले, "आता रन करून बघा." ताईंनी पान उलटलं.

"वहीत कसं चालणार, ताई?" मी विचारलं.

"नोकरी लागली की तिथल्या कॉम्प्युटरवर चालेल की," त्या हसल्या.

ज्ञान आता सगळ्यांना खुलं झालंय, असं मीच या अभ्यासिकेच्या पत्रकांतून लिहीत आलोय. त्या वाक्याची लाज वाटली.

एका ओळीत कंस बंद करायचा राहिला होता. कॉम्प्युटरने लगेच सांगितलं असतं. मी बोट ठेवलं. ताईंनी कंस बंद केला, भरलेल्या वहीची मागची पानं चाळली आणि हळूच म्हणाल्या, "यांत अजून किती राहिले असतील रे?"