शकुंतलाबाईंचा बंद कॉम्प्युटर

कोंढ्याच्या शकुंतलाबाई राग विसरत नाहीत. लोक लोणचं मुरवतात, त्या राग मुरवतात. लग्नात आत्याने हलकं लुगडं नेसवलं, तेव्हापासून त्या तिच्या घरचं पाणी प्यायल्या नाहीत. आत्या जाऊन जमाना झाला, तरी आता तिच्या सुनेकडचं पीत नाहीत.

पण या दिवाळीत जो राग उसळला होता, त्यापुढे लुगड्याचा राग म्हणजे काहीच नाही. धानाच्या रोवण्याला शकुंतलाबाई बांधीत, म्हणजे चिखलाच्या खाचरात, उतरल्या की गाणं त्यांनी सांगायचं आणि बाकीच्या बायांनी मागून उचलायचं, अशी त्यांची वट होती. गाणीही त्यांनी स्वतः जोडलेली. मग घशाचं ऑपरेशन झालं, आवाज फाटला, आणि पुढची जागा धाकटी जाऊ बेबीबाईने घेतली. तेही त्यांनी कसंबसं गिळलं असतं. पण तुमसरच्या एका कार्यक्रमात माईकवर कुणीतरी विचारलं, गाणी कोणाची? बेबीबाई म्हणाली, "मीच जोडली जी." टाळ्या झाल्या. मोबाइलवर तो व्हिडिओ गावभर फिरला, शकुंतलाबाईंच्या हातातही आला, आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

आता गावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, बेबीबाईचा सत्कार ठरला होता. भर मांडवात तिचं नाक कापायचं, एवढाच ध्यास शकुंतलाबाईंनी घेतला. हत्यार घरातच होतं. मुलगा मनीष कॉलेजात असताना त्याने घरच्या कॉम्प्युटरला माईक लावून, मागे बायांना बसवून, आईची गाणी भरून घेतली होती. शकुंतलाबाईंचा तेव्हाचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. पण कॉम्प्युटर उघडायला गेल्या, तर तो सुरूच होईना. पंखा फिरे, पडदा काळा राही, आणि आतून नुसतं टूं-टूं-टूं.

गावातल्या कोणाला बोलवावं, तर बातमी भिंतीपलीकडे जाणार. दोन्ही भावांची घरं एका भिंतीने वेगळी झालेली, पलीकडे बेबीबाई. म्हणून त्यांनी नागपूरला मनीषला व्हिडिओ कॉल लावला.

"जुने फोटो पाहाचे आहेत," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

मनीषने आधी वायरी हलवून पाहायला लावल्या. मग म्हणाला, "टूं-टूं वाजून राहिलं म्हणजे रॅमची पट्टी ढिली असन. आई, प्लग काढ आन् बाजूचा पत्रा खोल."

शकुंतलाबाईंनी स्क्रू काढले, पत्रा ओढला, आणि फोनमधून मनीष ओरडला, "हे काय व माय! आत तांदूळ कायले?"

आत धुळीच्या थरात पिवळ्या अक्षता पडल्या होत्या, हळदीकुंकवाचा लगदा साचला होता, आणि कोपऱ्यात उंदराने कापसाचं घर थाटलं होतं. दरवर्षी दसऱ्याला नांगर-विळ्यांबरोबर शकुंतलाबाई या यंत्राचीही पूजा करत. इतरांनी वरवर वाहिलं असतं. यांनी मागच्या जाळीतून मूठभर आत सोडलं, देवाला पोचावं म्हणून.

"तुह्या पूजेनंच मेला तो," मनीष म्हणाला.

"मह्या पूजेनं नाही, भिंतीपलीकडच्या नजरेनं मेला," त्या फणकारल्या.

तरी रंग लावायच्या ब्रशने त्यांनी सगळं झाडून काढलं. मनीषने दाखवली ती हिरवी पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून उपसली. तिच्या सोनेरी दातांवर कुंकू चिकटलं होतं. नातवाच्या खोडरबरने त्यांनी ते घासलं, आणि प्रत्येक घासण्याला मनातल्या मनात बेबीबाईचा उद्धार केला. पट्टी परत दाबली, प्लग लावला. या खेपेला एकच टूं झालं आणि पडदा उजळला.

फोन बंद करून त्यांनी गाणी शोधली. मंडईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. पण पलीकडे बेबीबाई तेच गाणं घोळवत होती, आणि शकुंतलाबाईंना राहवलं नाही. त्यांनी स्पीकर भिंतीला लावले आणि आवाज पुरता चढवला.

"बांधीमंदी उभी मी, पाय गं चिखलात,
माहेराची वाट माही बुडाली पान्यात…"

काय तो आवाज होता! बाई स्वतःच हबकल्या. मागून बायांनी ओळ उचलली, त्यात बेबीबाईचा कोवळा गळा सगळ्यांत वर. भिंतीपलीकडचं गाणं बंद पडलं. शकुंतलाबाईंना असं सुख कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

थोड्या वेळाने बेबीबाई दारात आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती रडत होती.

"बाई, माहं चुकलं. टाळ्या ऐकून तोंडातून निंगून गेलं. मंडईत तुमचाच आवाज लावू. मी पयलेसारखी मागून उचलीन."

शकुंतलाबाईंचं डोकंच फिरलं. चव्हाट्यावर कापायचं नाक हिने घरच्या उंबऱ्यावर स्वतःहून पुढे केलं होतं, आणि बघायला कुत्रंसुद्धा नव्हतं! वर मांडवात मोठ्या मनाची म्हणून हीच मिरवणार.

त्यांनी प्लग उपसला. "बिघडला पुन्हा," म्हणाल्या.

जाऊ गेल्यावर त्यांनी पत्रा उघडला, पट्टी काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. बेबीबाई रोज विचारायला येई. "नाही होऊन रायला सुरू," हे रोजचं उत्तर.

मंडईच्या दुपारी शकुंतलाबाई मांडवात पुढेच बसल्या. बेबीबाईने शाल घेतली नाही. माईक धरून म्हणाली, "मी खोटं बोलली होती. गानी माह्या मोठ्या जावेची आहेत. त्यायचा आवाज तुमाले आयकवाचा होता, पन कॉम्प्युटर बिघडला. तसा आवाज मह्यात नाही."

सगळा गाव शकुंतलाबाईंकडे वळून पाहू लागला. कोणीतरी हळहळलं, "एक डाव आयकाले भेटला असता!" मग बेबीबाईच्या मोठेपणासाठी जोरात टाळ्या पडल्या, आणि ती गाऊ लागली.

शकुंतलाबाईंनी ओळ उचलायला तोंड उघडलं. फाटका खरखराट बाहेर आला, तसं त्यांनी ते मिटलं, आणि गाणं संपेपर्यंत पदराची गाठ मुठीत आवळून धरली.